टेबलाच्या पायाखालचा देश

देशोदेशीच्या भाकऱ्या, पाव आणि रोट्या यांच्याबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही जरा टेकून बसला असाल. आता हा आपल्याला पॅरिसच्या कुठल्या तरी गल्लीतल्या भट्टीपाशी नेणार, मग तुर्कस्तान, मग वाळवंटात उंटाच्या सावलीत भाजलेली रोटी. तर आधीच सांगतो, तसलं काही नाहीये. मी तेव्हा कर्जतच्या पुढे गेलो नव्हतो. जगातल्या सगळ्या भाकऱ्या मी बघितल्या त्या अंबरनाथ पूर्वेला, आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. आणि त्यातली एक सोडली तर बाकी सगळ्या खोट्या होत्या. जी एक खरी होती ती मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी. मला त्याचा राग तेव्हा आला होता आणि आजही येतो. एवढ्याशा रोटीवरून एवढा राग, असं म्हणणार असाल तर म्हणा, पण पूर्ण ऐकून मग म्हणा.

मी नववीत होतो. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही राहायला उल्हासनगरला, कॅम्प पाचात, एका बराकीत. बराकी म्हणजे मिलिटरीवाले सोडून गेले त्या लांबलचक कौलारू चाळी. फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या लोकांना सरकारने तिथे आणून उतरवलं, ते तिथलेच झाले. आमची घरमालकीण त्यांच्यातलीच. तिला सगळी बराक अम्मा म्हणायची, तिच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. नवरा गेलेला, मुलगा दुबईला. पुढच्या दोन खोल्यांत अम्मा, मागच्या दोनांत आम्ही, मध्ये एक नळ. त्या नळावरून आई आणि अम्मा सकाळी भांडायच्या आणि दुपारी एकाच चटईवर बसून पापड लाटायच्या. भांडण मराठीत व्हायचं, पापड हिंदीत.

मला नकला करायची खोड. खोड आईचा शब्द, मी कला म्हणायचो. भाजीवाला, दूधवाला, बाबांचा फोरमन, सगळे माझ्या घशात राहायला होते. अम्माची नक्कल तर मी अम्मासमोरच करायचो. "अड़े पुट, नळ बंद कर, तेरा बाप आके भरेगा क्या?" पुट म्हणजे पोरगा. ती पापड बाजूला ठेवून हसायची आणि म्हणायची, "मेरे से अच्छा मैं तो तू है।"

पण माझा खरा हुकमी माल म्हणजे आमचे हेडसर. नाकातून बोलायचे, बोलण्याआधी दोनदा खाकरायचे आणि दर वाक्याच्या शेवटी "लक्षात घ्या". गॅदरिंगला मी मंत्र्याची नक्कल केली तेव्हा हेडसर पहिल्या रांगेत पोट धरून हसले होते. दुसऱ्याची नक्कल सगळ्यांनाच आवडते.

त्या वर्षी भूगोलाच्या बाईंनी काढलं की प्रदर्शन भरवायचं, देशोदेशीच्या भाकऱ्यांचं. बाई हौशी होत्या. त्यांच्याकडे एक जाडं इंग्रजी पुस्तक होतं, रंगीत चित्रांचं, त्यात प्रत्येक देशाचा पाव होता. बाईंनी चिठ्ठ्या केल्या, एका चिठ्ठीत एक देश. ज्याला जो येईल त्याने त्या देशाची भाकरी घरून करून आणायची, पुढे कार्डशीटचा तुकडा उभा करायचा, त्यावर देशाचं नाव आणि झेंडा. नियम एकच. एक देश, एक ताट.

चिठ्ठ्यांचा डबा माझ्यापर्यंत आला तेव्हा रिकामा होता.

"बाई, देश संपले," मी म्हटलं.

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "बरं झालं. तुझं तोंड चालतं, तू माईकवर. आलेल्या लोकांना माहिती सांगायची. आणि आपल्या आवाजात सांगायची, मिमिक्री नको."

"पण बाई, मला एखादा देश सापडला तर आणू का?"

"नकाशात असेल तर आण," बाई म्हणाल्या आणि हजेरी घ्यायला लागल्या. हे त्यांचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

घरी येऊन नळापाशी पाय धूत होतो. अम्मा दारात बसून लसूण सोलत होती. मी म्हटलं, "अम्मा, सबको देश मिला, मेरेको नहीं मिला।"

अम्माने लसूण सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "तो क्या हुआ? मेरे को भी नहीं मिला। मरा कोई?"

मग मी सगळं सांगितलं. भाकऱ्या, कार्ड, झेंडा, मोठे पाहुणे. ती ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "कोकी ले जा।"

कोकी आम्हाला घरचीच होती. अम्मा सकाळी करायची तेव्हा वास भिंतीवरून आमच्याकडे यायचा आणि आमची चपाती ताटात लाजून बसायची. पण ती कशी करतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. कणीक, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, डाळिंबाचे वाळवलेले दाणे ठेचून, आणि तूप घालून पीठ असं घट्ट मळायचं की हाताला राग आला पाहिजे. जाडी गोल थापून तव्यावर टाकायची, दोन्हीकडून जेमतेम शेकायची आणि कच्चीच खाली काढायची. परत पोळपाटावर घ्यायची. परत लाटायची, वरून सुरीने चिरा मारायच्या आणि परत तव्यावर, आता मंद, तूप सोडत.

"अम्मा, एक बार में क्यों नहीं भाजते?"

"एक बार में अंदर कच्ची रह जाती है।" मग तवा फडक्याने फिरवत म्हणाली, "कराची से जहाज में बैठे ना, तो मेरी माँ ने यही बाँधी थी। खराब नहीं होती। बंबई आ गई, कैंप आ गया, सब खत्म हो गया, ये चल रही थी।"

तेव्हा ती माझ्याएवढी होती. हे तिने आधीही सांगितलं होतं, पण तव्याकडे बघत सांगितलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "उधर नाम लिखेगा ना?"

"हो. सिंध."

"बड़ा लिखना। मेरी आँख कमजोर है। मैं देखने आएगी।"

मी चकित झालो. अम्मा कुठेच जायची नाही. देवळात आणि दवाखान्यात, बस्स. तिला आमच्या शाळेत येऊन कार्डशीटवर लिहिलेलं एक नाव बघायचं होतं. मी कार्ड केलं ते इतरांच्या दुप्पट. अक्षरं अशी की वालधुनीच्या पुलावरून वाचता यावीत. झेंडा कुठला काढायचा कळेना, म्हणून बाजूला एक नदी काढली, निळ्या खडूने.

प्रदर्शनाच्या दिवशी डबा आणि कार्ड घेऊन शाळेत गेलो. आता तुम्हाला जग दाखवतो, शाळेने मांडलेलं.

दारापाशी पहिलंच टेबल फ्रान्सचं. हातभर लांब पाव. कॅम्प चारातल्या बेकरीवाल्याला फ्रान्सच्या भावाने पटवून लादीपावाच्याच पिठाचा दांडा करून घेतला होता. फ्रान्स म्हणजे आमच्या वर्गातली एक मुलगी. चिठ्ठ्या काढल्यापासून आम्ही एकमेकांना देशांच्याच नावाने हाका मारत होतो. फ्रान्स चांगली होती, न मागता गणिताची वही द्यायची. तिने झेंडा रिबिनीचा केला होता.

पुढे जर्मनी. पुस्तकात जर्मनीचा वेटोळ्याचा पाव होता, तो बघून जर्मनीच्या आईने सरळ दिवाळीची कडबोळी तळून पाठवली. चीनचा वाफेवरचा पाव इडलीच्या भांड्यात उकडलेला मैदा होता. इथिओपियाची जाळीदार भाकरी म्हणजे बदलापूरच्या मावशीने केलेली आंबोळी, वर अजून खोबऱ्याचा कीस चिकटलेला. खरवईहून येणाऱ्या पोराला रशिया आला होता. रशियात काळा पाव खातात म्हणून त्याच्या आईने नाचणीची भाकरी केली, ती पुरेशी काळी होईना म्हणून जराशी करपवली. इंग्लंडने तर हद्द केली. पुडक्यातला स्लाईस ब्रेड, नुसता कागद काढून.

आणि मध्यभागी भारत. चपाती. तिला कोणी नावं ठेवली नाहीत, पण तुम्हीच सांगा, चपाती बघायला माणूस घरून कशाला निघेल?

माझं म्हणणं हे नव्हतं की या आयांनी असं का केलं. त्यांनी घरात होतं त्यातून केलं, चांगलंच केलं. रशिया तर मी दोन तुकडे खाल्ला. माझं म्हणणं एवढंच की हे सगळं चालतं, तर माझं का नाही?

कारण बाईंनी माझं कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय? सिंध हा देश आहे?"

"बाई, तुम्हीच म्हणालात, नकाशात असेल तर आण. नकाशात आहे. आणि सकाळी रांगेत ताठ उभं राहून आपण जे म्हणतो, त्यात तर रोज येतो."

"प्रांत आहे तो. पाकिस्तानात."

"मग पाकिस्तान लिहू?"

बाईंनी इकडे तिकडे बघितलं. "वेड लागलंय का तुला? पाहुणे यायचेत. कुणी काही बोललं तर?"

"मग भारत लिहितो. करणारी बाई इथलीच आहे, कॅम्प पाचची."

"भारत आहे की मध्ये. एक देश, एक ताट."

"म्हणजे बाई, हिचा देश कुठला?"

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. त्या वाईट नव्हत्या, हे मी रागातसुद्धा सांगतो. सकाळपासून उभ्या होत्या, घसा बसला होता, टेबलं कमी पडत होती. पण तेवढ्यात भारताचा जुळा भाऊ, जो आमच्याच वर्गात होता आणि ज्याला अर्जेंटिना आला होता, तो म्हणाला, "बाई, उल्हासनगरचा माल आहे. ओरिजिनल का डुप्लिकेट काय माहीत."

सगळे हसले. उल्हासनगर म्हणजे नकली माल, हा जोक मी शाळेत रोज ऐकायचो. माझं घड्याळ डुप्लिकेट, माझे बूट डुप्लिकेट, मी पहिला आलो असतो तर म्हणाले असते, नंबर डुप्लिकेट. रोज मी त्यावर आणखी मोठा जोक करून सुटायचो. त्या दिवशी सुचला नाही. समोर कडबोळ्याची जर्मनी, इडलीचा चीन, पुडक्यातलं इंग्लंड आणि डुप्लिकेट कोण, तर ज्या बाईने सिंधच्या मातीत आईच्या शेजारी बसून पीठ मळायला शिकून, जहाजातून तो हात इथे आणला, ती.

बाई म्हणाल्या, "ताट मागे ठेव. उरलं तर वाटून टाकू. जा माईकवर." आणि कार्ड माझ्या हातातून घेतलं.

मागे म्हणजे पाण्याच्या पिंपाशेजारच्या बाकावर. वर वर्तमानपत्र झाकलं, माश्या बसू नयेत म्हणून.

माईक व्हरांड्यात होता, वर्गाबाहेर. भोंगा वर्गाच्या खिडकीवर लावलेला, एक मैदानात. मी तिथून सांगत होतो. रशियात फार थंडी असते. फ्रान्समध्ये लोक पाव काखेत धरून घरी जातात. खिडकीतून मला आतलं सगळं दिसायचं. पालक येत होते, हेडसर स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेले होते. पाहुणे म्हणजे एका मोठ्या कारखान्यातले साहेब, दोन-तीन देश फिरून आलेले. ते आणि हेडसर आले की हेडसर आधी माईकवर बोलणार आणि मग पाहुणे बघत फिरणार, हे ठरलेलं.

तेवढ्यात भारताचं टेबल डुगडुगायला लागलं. कुणीतरी म्हणालं, पायाखाली काही तरी घाला. बाईंनी हातातलं कार्डशीट दिलं. शिपायाने त्याची घडी केली, घडीवर घडी केली आणि टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल स्थिर झालं.

मी बघत होतो. नदीचा निळा खडू बाहेर दिसत होता, जेमतेम बोटभर.

आणि फाटकातून अम्मा आत आली.

तिने पांढरी साडी नेसली होती, इस्त्रीची, जी फक्त वर्षश्राद्धाला निघायची. पायात चपला नव्या. आई सोबत होती. कॅम्प पाचहून जुन्या शिवमंदिराच्या बाजूने दोघी चालत आल्या होत्या, अम्माला गुडघ्यांचा त्रास असताना. माझ्याकडे बघून तिने मान हलवली आणि आत गेली.

ती दारापासून सुरू झाली. प्रत्येक टेबलाशी थांबायची, कार्डाला डोळे लावायची, पुढे जायची. फ्रान्स. जर्मनी. चीन. कडबोळ्यापाशी जरा जास्त थांबली, बहुतेक ओळख पटली असावी. भारतापाशी पोचली, वळली, दुसरी रांग. आई मागून खिडकीकडे बघत मला खुणा करत होती, कुठंय? मी काय खूण करणार? अम्मा रांगेच्या शेवटापर्यंत गेली आणि परत पहिल्यापासून सुरू केली. तिला वाटलं, तिलाच दिसलं नाही. डोळे कमजोर आहेत ना.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एवढं आठवतं की मी माईक जवळ घेतला आणि दोनदा खाकरलो.

"अं, काय आहे की, सर्व विद्यार्थ्यांनी लक्षात घ्या. मागे पाण्यापाशी सिंधचं एक ताट राहिलेलं आहे. ते ताबडतोब पुढे, दारापाशी, पहिल्या जागेवर ठेवायचं आहे, लक्षात घ्या. फ्रान्सने उठायचं आणि मागे जायचं. बाईंनी स्वतः लक्ष घालावं. पाहुणे पोचत आहेत, लक्षात घ्या."

आवाज इतका बरोबर आला की मीच जरा सावरून बसलो.

आत धावपळ उडाली. बाईंना वाटलं हेडसर परत आले. त्यांनी स्वतः ताट उचललं, वर्तमानपत्र काढलं आणि दारापाशी आणलं. फ्रान्स आपल्या पावाला धरून उभी होती. शिपाई म्हणाला, "चल गं, सरांची ऑर्डर आहे," आणि तिचं ताट, रिबिनीचा झेंडा, सगळं पिंपाशेजारी नेऊन ठेवलं. मी माईक सोडून आत पळालो, भारताच्या पायाखालचं कार्ड खेचून काढलं. टेबल डुगडुगलं, शेजारच्या चीनच्या दोन इडल्या खाली घरंगळल्या. कार्ड उलगडलं तर मधोमध टेबलाच्या पायाचा गोल ठसा. पण अक्षरं मोठी होती, वाचता येत होती. मी ते ताटापुढे उभं केलं.

अम्मा तिसऱ्यांदा दारापाशी आली होती. तिने कार्ड वाचलं. मग भोंग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळ्या शाळेत तिला एकटीलाच कळलं होतं तो आवाज कुणाचा. मला वाटलं, आता हसेल. ती हसली नाही.

खरे हेडसर पाहुण्यांना घेऊन आले ते पुढच्या पाच मिनिटांत. साहेब उंच, खिशाला दोन पेनं. दारातच पहिलं ताट लागलं. "अरे वा, हा कुठला देश?" हेडसरांनी कार्ड बघितलं, डोळे मिटले, परत उघडले. साहेबांनी अम्माला विचारलं, "तुम्ही केलंत का? हा नक्की कुठला देश म्हणायचा?"

अम्मा म्हणाली, "पहले खाओ साहब। देश बाद में पूछो।"

साहेबांनी खाल्लं. चावताना भुवया वर गेल्या. आणखी एक तुकडा घेतला, तोही मोठा. मग पुढे जर्मनीपाशी कडबोळं मोडून म्हणाले, "अगदी सेम. मी तिकडे असंच खाल्लं होतं." घ्या. दोन-तीन देश फिरलेल्या माणसाचं हे ज्ञान, आणि याला घाबरून माझं ताट मागे ठेवलं होतं.

पाहुणे चहाला गेले तेव्हा हेडसर हळू आवाजात म्हणाले, "बाई, ते पहिल्या जागेवर कोणी ठेवलं?"

बाई म्हणाल्या, "सर, तुम्हीच माईकवरून सांगितलंत की."

मग बाई माझ्याकडे बघायला लागल्या, शिपाई बघायला लागला, रशिया आणि अर्जेंटिना बघायला लागले. जग माझ्याकडे बघत होतं.

ऑफिसात हेडसरांनी मला झापलं. शाळेचा अधिकार म्हणजे काय, लक्षात घ्या. आवाज म्हणजे सही असते, लक्षात घ्या. आधी खाकरले, तेही दोनदा. मला हसू येत होतं आणि ते दाबायला मी गाल आतून चावत होतो. गॅदरिंगला मंत्र्याला हसताना तुम्हाला अधिकार आठवला नव्हता, हे ओठांपर्यंत आलं होतं. पालकांना बोलवण्यात आलं. आई बाहेरच होती, त्यामुळे ते काम लगेच झालं. बाबांनी संध्याकाळी शिफ्टवरून आल्यावर पाण्याचा पेलासुद्धा न घेता सुरुवात केली. "उद्या पोलिसाचा आवाज काढशील, परवा जजचा. शाळेतून काढलं तर काय करणार, सर्कशीत जाणार?" मी म्हटलं, बाबा, पण त्यांनी कार्ड टेबलाच्या पायाखाली घातलं होतं. बाबा म्हणाले, "मग? टेबल हललं नाही ना?"

मला एकाही माणसाने विचारलं नाही की तू बरोबर होतास का. सगळे विचारत होते, हिंमत कशी झाली.

म्हणून मी उठलो आणि पुढच्या दारी गेलो. ज्या माणसासाठी केलं, तो तरी. अम्मा उंबऱ्यावर बसली होती, नव्या चपला काढून, गुडघ्यांना तेल चोळत. शेजारी माझं कार्ड, घडीच्या रेघा हाताने दाबून सपाट केलेलं. ते तिने प्रदर्शनातून उचलून आणलं होतं. मी शेजारी टेकलो आणि हेडसरांच्या आवाजात म्हटलं, "अम्मा, कोकी फार उत्तम झाली होती, लक्षात घ्या."

"बंद कर," ती म्हणाली. हळू. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काय झालं?"

"वो लड़की। झंडे वाली। देखी तूने?"

मी म्हटलं, "फ्रान्स? तिचा पाव बेकरीतला होता अम्मा. लादीपाव, लंबा किया हुआ।"

"मैंने पाव नहीं पूछा। लड़की देखी? पानी के पास खड़ी थी। रो रही थी। तेरी माँ ने रूमाल दिया उसको।"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. मी कार्ड काढण्यात होतो.

"अम्मा, जागा नव्हती. कुणाला तरी उठवायलाच लागणार होतं. मैंने आपके लिए किया।"

"मेरे लिए किया तो मेरे से पूछा?" तेलाची वाटी तिने खाली ठेवली. "सबको बोलता, थोड़ा थोड़ा सरको। सब चार उँगली सरकते तो एक थाली बैठ जाती। तूने क्या किया? एक को उठा दिया। भोंगे पे बोला, ऑर्डर है, उठो, पीछे जाओ। हमको भी ऐसे ही बोला था। आदमी नहीं दिखता, खाली आवाज आती है। और चपरासी सामान उठा लेता है।"

मला रागच आला. आता हिलापण मीच सापडलो का? ज्यांनी तुझं नाव पायाखाली घातलं त्यांना तू एक शब्द बोलली नाहीस, पाहुण्याला खाऊ घातलंस, आणि मला झापतेस? हे सगळं मला म्हणायचं होतं, माझ्याकडे दहा माणसांचे आवाज होते, आणि त्यातल्या एकातही ते म्हणता येईना.

अम्मा उठली, आत गेली, डबा घेऊन आली. झाकण लावताना कोकीचा वास आला, नव्याने केलेली, अजून गरम होती.

"कल उस लड़की को दे के आ। और सुन, माफी माँगना।"

मी डबा घेतला. निघालो तर मागून म्हणाली, "और मास्टर की आवाज में मत माँगना। मेरी आवाज में भी नहीं। तेरी खुद की कोई होगी ना, पुट, उसमें माँग।"